आण्णांची जागा आणि बेसचा डबा

टाळ जरा खाली ठेवा. मागची मंडळी पुढं सरका. आज देवाचं नाव घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या — मोठ्यानं दिलंत तर शेजारी बसलेली सून ऐकेल!

प्रश्न असा. जागा कमी पडली, की पहिलं बाहेर कोण जातं?

फ्रीज आणला. जागा नाही. सोफा आणला. दारातनं आत जाईना! मग काय, सोफा परत पाठवला? छट्! चौकट फोडली, सोफा आत घेतला. आता घर काही रबराचं नाही, ताणलं म्हणून वाढायला. एक वस्तू आत आली की एक बाहेर जाणार. कोण गेलं बाहेर? फ्रीज? टीव्ही? टीव्हीला हात लावायची कुणाची छाती आहे?

हसू नका. हसताय म्हणजे घरी खाट पडवीत आहे!

आता कुणी म्हणेल, महाराज, याला आधार काय? संतवचन कुठाय? मी शास्त्री नाही. शाळेनं मला सातवीत सोडलं, मी शाळेला नाही सोडलं. मोडकंतोडकं माझं मीच जुळवतो. घ्या —

ज्याला नाही वाचा । तोच उठे आधी ।
ओरडे तो गादी । पटकावी ॥

झालं निरूपण! आता आख्यान ऐका. राजाचं नाही, ऋषीचं नाही. आख्यान आहे एका जीपचं.

डोणेवाडी म्हणून गाव. गावाच्या तिन्ही अंगांना डोंगर, आणि डोंगराला भगदाडं पडलेली — खडीच्या खाणी. गावातनं तालुक्याला जायला करंजघाट उतरावा लागतो. एसटी सकाळी एकदा. बाकी सगळा कारभार वडापवर. गाडी भरली की सुटली, हेच टाइमटेबल. नऊ माणसांची जीप, बसतात चौदा. पंधरावा आला तर ड्रायव्हर म्हणतो, "या की, लई जागा हाय!" कुठाय ती जागा, हे देवालाच ठाऊक.

त्या गावात बिरू कोळेकर. वय एकतीस, स्वतःची जीप, घरात बायको अनुसया, आणि बाप. बापाचं नाव म्हाळाप्पा; सगळं गाव म्हणायचं म्हाळूआण्णा. आण्णांनी बावीस वर्षं खडी क्रशरवर काढली. दगड दळायचा, धूळ गिळायची. तोंडाला काय? फडकं! बावीस वर्षांत छातीत एवढी धूळ बसली, की डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "बाबा, हे फुफ्फुस आहे का भिंत?"

मग आण्णांच्या नाकाला नळी आली. घरी मोठं नळकांडं, आणि बाहेर जाताना छोटं, ऑक्सिजनचं. दर गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायला जायचं. आवाज गेला होता. पाच शब्द बोलले की दम लागायचा, म्हणून तीनच बोलायचे. कुठले तीन? "चालंल. काय हुतंय?" झालं! भाकरी करपली — चालंल, काय हुतंय? चहात साखर नाही — चालंल, काय हुतंय? एक मात्र होतं. त्यांचा श्वास वाजायचा. घर्र... घर्र... रिकाम्या कणगीतनं वारा जावा तसा. अनुसया चुलीपाशी असली तरी तिचा एक कान त्या घरघरीवर असायचा.

बिरू वाईट होता का? नाही मंडळी! वाईट असता तर हे आख्यान सोपं होतं. बिरू चांगला होता. बापाला जीपमध्ये पाठीमागच्या बाकावर, खिडकीकडच्या कोपर्‍यात बसवायचा, शेजारी दोन फुटांत नळकांडं उभं, दोरीनं बाकाला बांधलेलं. एका माणसाची जागा त्यात जायची. तरी एरवीही तिथं दुसरा कुणी बसवायचा नाही. सांगायचा, "ही आण्णांची जागा हाय."

मग बिघडलं कुठं?

स्टँडवर बिघडलं. जगातलं अर्धं नुकसान स्टँडवर होतं! तिथं सदा चोपडे म्हणून दुसरा वडापवाला. त्यानं गाडीत नवी साउंड सिस्टीम बसवली. गाणं लावलं की पानटपरीवरच्या बरण्या नाचायच्या. पोरंपोरी त्याच्याच गाडीत. एके दिवशी बिरूनं आपलं गाणं लावलं, तर सदा खिडकीत वाकला, कान लावला, आणि सगळ्यांदेखत म्हणाला —

"बिरू, तुझ्या पेटीत डास आडकलाय बग. सोड की रं त्येला, पाप लागंल!"

स्टँड हसला. कंडक्टर हसला. कॉलेजच्या पोरी ओढणी तोंडाला लावून हसल्या. बिरूही हसला. पण ते हसू घरी नेलं ना त्यानं! जेवताना तेच, झोपताना तेच. तलवारीचा घाव भरतो; स्टँडवरचा शब्द भरत नाही.

गेला तालुक्याला. झगमगीत दुकान. दुकानदार कोवळा, केस उभे, बोलणं आडवं. दोन दारांतले दोन स्पीकर काढून त्यानं दोन मोठे बसवले. लावलं गाणं. आवाज वाढला, पण तो 'धम्' काही येईना! चिरका आवाज नुसता, जसं रागावलेलं मांजर.

बिरू म्हणाला, "दादा, बेस कुठाय?"

दुकानदार म्हणाला, "बेस दारातनं येत नसतो. बेसला डबा लागतो. आणि डब्यात पोकळी. बेसला हवा पाहिजे, हवा! जेवढी हवा मोठी, तेवढा बेस खोल. बोला, गाडीत जागा कुठली देताय?"

मंडळी, हे वाक्य नीट धरा. बेसला हवा पाहिजे! त्या लाकडी डब्याला, जीव नसलेल्या, त्यालाही श्वास घ्यायला मोकळी जागा पाहिजे!

बिरू टेप घेऊन जीपमध्ये शिरला. सीटखाली मापलं — तिथं जॅक आणि पाने. मागं मापलं — तिथं स्टेपनी. स्टेपनीशिवाय घाट उतरणारा मूर्ख नव्हता तो. ड्रायव्हरच्या पाठीमागं मापलं — तिथं माणसांचे गुडघे, आणि गुडघे भाडं देतात! इंच इंच मापला. आणि टेप येऊन थांबला कुठं? पाठीमागच्या बाकाच्या कोपर्‍यात. दोन फूट बाय दीड फूट. आठवड्यातले सहा दिवस रिकामी. ओरडणारं कुणी नाही, भाडं देणारं कुणी नाही.

दुकानदार टाळी वाजवून म्हणाला, "हीच! देवानं बेससाठीच ठेवलीय!"

देवानं! बघा, देवाच्या नावावर काय काय खपतं!

डबा बसला. चार बोल्टांनी जमिनीला आवळला, हलला तर आवाज फाटतो म्हणून. घरी आल्यावर अनुसयानं मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"अवं, गुरुवारी आण्णांचं नळकांडं कुठं ठेवायचं?"

"टपावर."

"टपावर? आणि आण्णा खाली?"

"मग? नळी लांब घेतो की. खिडकीतनं आत सोडायची. हवा काय, वरनं आली काय आणि बाजूनं आली काय! कळशी माळ्यावर ठेवून पाणी खाली येतंच की न्हाई?"

"कळशी येगळी, जीव येगळा."

"तू गप. आण्णा, तुमी सांगा. चालंल न्हवं?"

आण्णांनी डब्याकडं पाहिलं. पोराच्या तोंडाकडं पाहिलं. किती दिवसांनी पोराच्या तोंडावर उजेड होता! म्हणाले, "चालंल. काय हुतंय?"

या तीन शब्दांवर या देशातली निम्मी घरं उभी आहेत. म्हातारी माणसं म्हणतात 'चालंल', आणि आपण लगेच धरून चालतो! एकदा तरी विचारलंत, 'चालंल' म्हणजे काय काय चालवून घेताय?

पहिला गुरुवार. टपावर नळकांडं आडवं घालून आवळलं. लांब नळी खिडकीतनं आत. जीपची खिडकी ती — वर-खाली होणारी नाही, पुढं-मागं सरकणारी काच. काच थोडी मागं सारली, पुढच्या फटीतनं नळी आत घेतली, डब्याच्या अलीकडं सरकून बसलेल्या आण्णांच्या नाकाला लावली. बिरू घाटात तीनदा थांबला. "आण्णा, येतीया का हवा?" आण्णा हात वर करायचे. नीट पोचले. दुसरा गुरुवार, दोनदा थांबला. नीट पोचले.

माणसाची भीती अशी मरते, मंडळी. एकदम नाही. दर गुरुवारी थोडी थोडी.

पण आता दुसरंच सुरू झालं. बेस सुरू झाला की ती सरकती काच खडखडायची! खड-खड-खड-खड! 'धम्' आला की त्याच्या मागनं 'खड'. सदा चोपडे बोललाच, "व्हय बिरू, गाणं लावलंयस का जातं?"

बिरूनं काय केलं असेल? काचेच्या खोबणीत बोट घालून चांगली ग्रीस भरली. खडखड गेली! काच अशी गुळगुळीत, की करंगळीनं लोटली तर या टोकाची त्या टोकाला. खूश झाला. त्याला वाटलं आपण आवाज दुरुस्त केला. त्यानं काय मोकळं सोडलं, हे त्याला कळलं नाही.

तिसरा गुरुवार. तालुक्याचा बाजार. सकाळचे नऊ. गाडी भरली. शेजारच्या घरातली शेवंतामावशी — नवरा मागं गेलेला, स्वतः माळवं पिकवणार, स्वतः विकणार, आणि तोंड असं की वांग्याला भाव कमी सांगणार्‍याच्या सात पिढ्या बाजारात उभ्या करणार! तिनं टोमॅटोचे आठ क्रेट आणले. मागच्या बाजूला रचले. मागच्या बाकावर आण्णा एकटे, त्यांच्या पुढ्यात क्रेटांची भिंत. मधल्या सीटवर चौघी, पुढं दोघं, बाहेर लटकलेले तिघं. मागचे आण्णा कुणालाच दिसेनात. बिरूला आरशात दिसायचा तो फक्त आण्णांचा उजवा हात. क्रेटाच्या वर, बाकाच्या पाठीवर टेकलेला पंजा.

अनुसया खिडकीशी आली. नळी हातानं चाचपली. "अवं, आज आवाज जरा बारीक ठेवा."

"बरं."

बरं म्हणाला! माणूस बायकोला 'बरं' म्हणतो तेव्हा त्यानं काय ऐकलेलं असतं? काही नाही!

गाडी सुटली. गावाची हद्द संपेपर्यंत आवाज बारीक. माळावर आली, तशी बाहेर लटकलेली पोरं म्हणाली, "दादा, लावा की! त्यो डबा काय शोभेला ठिवलाय?" बिरूनं आरशात बघितलं. पंजा जागेवर. मनात म्हणाला, आण्णा बरे हायेत. आणि फिरवलं बटण.

धम्! ... धम्! ... धम्!

जमीन थरथरली, सीट थरथरली, शेवंतामावशीच्या हातातली चंची थरथरली. "आरं ए बिर्‍या! माझं काळीज हाय का ढोल?" कुणी ऐकतंय!

घाट लागला. पहिलं वळण. बिरूनं ब्रेक दाबला. मंडळी, ब्रेक दाबला की गाडीतलं सगळं पुढं झेपावतं — माणसं, पिशव्या... आणि ग्रीस लावलेली काच! सुळ्‌कन बोटभर पुढं आली. नळीला टेकली.

दुसरं वळण. ब्रेक. काच आणखी पुढं. नळी चेपली.

बिरूनं आरशात बघितलं. बघत नव्हता असं नाही हो! वळणावळणाला बघत होता बिचारा! पंजा होता जागेवर.

तिसरं वळण खोल. ब्रेक जोरात. काच आली आणि चौकटीला भिडली. मध्ये नळी. वर टपावर नळकांडं भरलेलं, चावी उघडी, हवा तयार. खाली बाप तयार. मध्ये करंगळीएवढी नळी, आणि तिच्या गळ्यावर काचेची कड!

आण्णांनी नाकातली नळी हलवली. काही येईना. काच मागं सारायला हात लांबवला, तर मध्ये बेसचा डबा, बोल्टांनी आवळलेला. हात पोचेना. हाक मारायला तोंड उघडलं. तीन शब्दांचा माणूस तो! एक शब्द निघाला, "बिर..." आणि तो डब्यानं गिळला. धम्! डब्यापाशी हवा भरपूर होती, मंडळी. डबा काय खुशाल श्वास घेत होता!

मग आण्णांनी एकच केलं. हात उचलला आणि बाकाच्या पाठीवर थाप मारली. एक. दोन. तीन.

पुढं आरशात बिरूला काय दिसलं? क्रेटांच्या वर पंजा. पंजा उठतोय, पडतोय. उठतोय, पडतोय. आणि गाण्यात धम्... धम्... धम्...

बिरूचा चेहरा फुलला! "आयला! आण्णांनी ठेका धरला!"

थांबा. टाळकरी, वाजवू नका. इथं वाजवायचं नाही.

बिरूच्या डोळ्यांत पाणी आलं आनंदानं. तीन आठवडे त्याला खात होतं ते — बापाची जागा घेतली, बापाला आवडलं नसेल, बाप बोलत नाही पण मनात कुढत असेल. आणि आज बाप ठेका धरतोय! पंजा जोरात पडायला लागला. बिरू आरशात बघून हसला. बापाकडं बघून, मान डोलावून, हसला. आणि काय केलं माहीत आहे? आवाज आणखी वाढवला!

बापासाठी!

चौथं वळण. पाचवं. पंजाचा ताल चुकला. बिरूच्या मनात आलं, दमले आण्णा. सहाव्या वळणाला पंजा बाकावरच राहिला. बिरू जरा हिरमुसला. मनात म्हणाला, आवडलं न्हाई वाटतं ह्ये गाणं. दुसरं लावू.

गाणं संपलं. दुसरं लागायच्या आधी किती वेळ जातो? दोन श्वास. तेवढ्या दोन श्वासांत शेवंतामावशीनं मान वर केली. बाई वीस वर्षं आण्णांच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली. तिला काय ऐकू आलं? काही नाही! आणि ते काही नाही ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

"बिर्‍या, गाडी थांबीव! आण्णांची घरघर कुठाय?"

"काय?"

"घरघर! घरघर ऐकू येत न्हाई! थांबीव म्हंते न्हवं, मुडद्या!"

ब्रेक! ती उठली, सीटवर गुडघे टेकून क्रेटांवरनं वाकली. आण्णांची मान छातीवर. ओठ जांभळाच्या रंगाचे. डोळे अर्धे उघडे.

"आरं निळे पडल्यात! आण्णा निळे पडल्यात!"

बिरूनं दार उघडलं की तोडलं, त्यालाच कळलं नाही. धावत टपावर चढला! का? हवा वरनं येते ना, त्याच्या डोक्यात तेच! काटा बघितला — नळकांडं भरलेलं. चावी बघितली — उघडी. मग हवा जाते कुठं? त्यानं चावी आणखी पिळली. पार उघडली! नळी फुगली आणि तोंडातनं सटकन सुटली. फुस्स्स्स! हवा चालली करंजघाटाला! बिरू ती नळी परत बसवतोय, बसेना. वर सूर्य, खाली दरी, आणि हातात फुसफुसणारा साप! लटकलेली तीन पोरं रस्त्यावर नुसती उभी. एकानं तर मोबाईल काढला होता. काढणारच! दुसरं येतंय काय?

शेवंतामावशी गाडीतनं खाली उतरली, तिला नळी दिसली. चौकटीत अशी चपटी, जशी चिमटीत धरलेली शेंग. तिनं बाहेरनं काचेवर दोन्ही पंजे टाकले, मागं लोटली. गुळगुळीत काच, लगेच गेली. पण आता हवा वरनंच नाही!

ओरडली, "बिर्‍या, त्ये नळकांडं खाली दे! जवळ दे त्येच्या!"

बिरू वरनं म्हणाला, "ठेवू कुठं मावशी? जागा न्हाई!"

ऐकलंत? बाप निळा पडलाय, आणि पोराच्या तोंडातनं शब्द कुठला येतोय — जागा नाही! कारण खरंच नव्हती! कोपर्‍यात डबा. डब्याला चार बोल्ट. पाना सीटखाली, सीटवर माणसं, बोल्ट सोडवायला पंधरा मिनिटं. आण्णांकडं एक होतं का, देवाला ठाऊक.

मंडळी, शेवंतामावशीनं काय केलं? मागचं दार उघडलं. पहिला क्रेट धरला आणि रस्त्यावर फेकला! दुसरा! तिसरा! आठवड्याचं पीक, पहाटे उठून तोडलेलं, लाल, टणक, घाटाच्या उतारावरनं घरंगळत निघालं. एक बाई म्हणाली, "मावशे, माल!"

"जाऊंदे माल! धर, वढ!"

जागा झाली! कुठनं आली जागा? टेप लावून मापली का तिनं? इंच मोजले का? जी वस्तू माणसापुढं आडवी आली ती फेकली — संपलं! बिरूनं चावी आवळली, उरल्या हवेसकट नळकांडं खाली आलं, आण्णांच्या मांडीशी उभं केलं, नळी पुन्हा बसवून नाकाला लावली. मावशी त्यांची छाती चोळतेय, "वढा आण्णा, वढा, आणखी एक, वढा..." बिरू रस्त्यावर टोमॅटोच्या रेंद्यात गुडघे टेकून बसलेला. आणि गाडीत दुसरं गाणं कधीच सुरू झालेलं. धम्... धम्... धम्... बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

किती वेळ गेला? बिरूला विचारा, तो म्हणेल एक जन्म. मग, घर्र... एक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, घर्र...

आण्णा वाचले. नऊ दिवस दवाखान्यात. वाचले, पण पूर्वी काठी टेकत देवळाच्या पायरीपर्यंत यायचे ते बंद झालं. आता खाट आणि दार, एवढाच मुलूख.

आठव्या दिवशी बोलण्याइतका दम आला. बिरू खाटेच्या पायथ्याशी बसलेला. आठ दिवस मनात धरलेलं त्यानं सांगून टाकलं. "आण्णा... मला वाटलं तुमी ठेका धरलाय."

आण्णा मग थांबत थांबत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलले.

"व्हय... तू हासलास... आरशात... मला वाटलं... पोराला कळलं... आता थांबंल... म्हणून मग... थापा मारायचं... थांबवलं."

...

बिरूनं डबा काढायचा ठरवला. त्या झगमगीत दुकानात नाही गेला. गेला दस्तगीर मुलाण्याकडं. म्हातारा रेडिओ दुरुस्त करणारा, चाळीस वर्षं एकच स्टूल, एकच भिंग. दस्तगीरचाचांनी बोल्ट काढले, डबा बाहेर ठेवला, आणि सवयीनं दारातल्या स्पीकरच्या तारा बघितल्या. बघता बघता थांबले.

"बिरू, ह्या दारातल्या तारा उलट्या जोडल्यात रे बाबा."

"म्हंजे?"

"म्हंजे हा कर्णा हवा पुढं ढकलतोय, तवा समोरचा मागं ओढतोय. दोघं एकमेकांची हवा खातायत. बेस मधल्या मधी मरतोय." दोन तारा सोडल्या, अदलाबदल केली. दाराच्या पत्र्याला आतनं भोकं होती, त्यावर डांबरी पट्टी चिकटवली, टिचकी मारून बघितली. "लाव आता."

बिरूनं लावलं. धम्! खोल, भरदार, त्याच दोन स्पीकरांतनं. डब्याशिवाय!

दहा मिनिटांचं काम. जागा एका इंचाचीही लागत नव्हती! चाचा म्हणाले, "आधी मला इचारायचं न्हाईस का?" बिरूनं बटण बंद केलं आणि जीपच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडला. भर बाजारात! सदा चोपडे समोर उभा होता. तो हसला नाही.

झालं आख्यान. आता तुम्ही रुमाल काढताय. आत ठेवा ते रुमाल! बिरूसाठी रडायला सोपं आहे, बिरू डोणेवाडीचा. तुमच्या घरात कोण थापा मारतंय? रोज भांडी आपटणारी आई — तुम्ही म्हणता, हिचा स्वभावच तसला! दिवसातनं दहादा खोकणारा बाप — तुम्ही म्हणता, सवय आहे त्यांना! तुम्ही बघत नाही असं मी म्हणतच नाही. बघता! बघून हसता, आणि आवाज वाढवता! आणि ते समजतात, पोराला कळलं.

शेवटचं सांगतो. राग आला तर बिदागी देऊ नका, पुढच्या वर्षी बोलावू नका. मी काही उपाशी मरत नाही. अध्यक्षसाहेब, तुमच्याकडंच बघतोय. सप्ताह मोठा केलात, मंडप मोठा केलात, मृदंग घुमला पाहिजे म्हणून हे चार काळे डबे भाड्यानं आणलेत. कुठं ठेवलेत? डाव्या अंगाला, पहिल्या रांगेत, पंख्याखाली, सावलीत. तिथं गादीही घातलीय, डब्यांना रुतू नये म्हणून! आणि त्या बघा — तिकडं, मंडपाच्या बाहेर, भर उन्हात पत्र्याला टेकून चौघी म्हातार्‍या बसल्यात. डोक्यावर पदर, पदरावर हात. कुणी विचारलं असेल तर त्याही म्हणाल्या असतील, चालंल, काय हुतंय!

माझ्याच्यानं पुढं कीर्तन होणार नाही. मृदंगमणी, हात बाजूला घ्या. अध्यक्षसाहेब, तुम्ही उठा. पोरांना नका सांगू, स्वतः उठा. डब्याला हात लावा.

मी उभा आहे. मला घाई नाही.

... हां. धरा दुसर्‍या बाजूनं कुणीतरी, त्यांना एकट्याला झेपत नाही. जड आहे ना? जडच असतो. ठेवा बाहेर, उन्हात. दुसरा. तिसराही घ्या. आवाज कमी येईल? येऊ दे! माझा घसा आहे.

या, आज्जी. इकडं या. नाही नाही, कडेला नाही, गादीवर बसा. पाय लांब करा. पाणी द्या कुणीतरी त्यांना.

बसलात नीट? चौघी?

आता वाजवा मृदंग. हळू. त्यांचा श्वास ऐकू आला पाहिजे.